मुक्काम जोमतियन: पट्टायाच्या शेजारी, पण पट्टायात नाही

ऑफिसात सुट्टीचा अर्ज देताना 'पट्टाया' म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं. 'आईला घेऊन चाललोय' म्हटल्यावर ते तसंच मावळतं. मग मला नकाशा काढून दाखवावा लागतो: हे पट्टाया, ही मधली टेकडी आणि टेकडीच्या पलीकडे उतरलं की हे जोमतियन. आम्ही राहणार ते इथे.

दोन वेळा राहून आल्यावर, आणि पहिल्या वेळी बऱ्याच चुका करून झाल्यावर, हा लेख लिहितोय. कुटुंबासोबत, म्हाताऱ्या माणसांसोबत किंवा नुसतंच शांतपणे समुद्राकाठी आठवडाभर राहायचं असेल त्यांच्यासाठी. वॉकिंग स्ट्रीटची, म्हणजे पट्टायातल्या बार आणि नाइटक्लबांच्या रस्त्याची, माहिती इथे मिळणार नाही, ती द्यायला लोक उतावीळच असतात.

आधी जागा समजून घ्या

पट्टाया बँकॉकच्या आग्नेयेला, साधारण दीडशे किलोमीटरवर, चोनबुरी प्रांतात आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिक सुट्टीला इथे येऊ लागले आणि मच्छीमारांच्या गावाचं जे व्हायचं ते झालं. या शहराच्या दक्षिणेला प्रातुमनाक नावाची टेकडी समुद्रात घुसलेली आहे. टेकडीच्या उत्तरेला पट्टायाचा गजबजलेला उपसागर, तर दक्षिणेला जोमतियनचा सरळसोट, सहाएक किलोमीटरचा किनारा. वॉकिंग स्ट्रीटपासून जोमतियनचं उत्तर टोक गाडीने चार-पाच किलोमीटर, पण मधल्या टेकडीने आवाज, गर्दी आणि बराचसा तोरा पलीकडेच अडवून धरलाय.

थाई माणसं या नावाचा उच्चार 'चोम-थियन' असा करतात. टॅक्सीवाल्याला जोमतियन कळतं, तरी 'चोमथियन' म्हटलंत तर दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. गल्लीला थाईत 'सोय' म्हणतात. पत्त्यात 'सोय ५', 'सोय ७' दिसलं की आमच्या मुलीला पहिल्या दिवशी वाटलं होतं की हॉटेलात पाच सोयी आहेत.

किनाऱ्याचं तोंड आपल्या कोकणासारखंच पश्चिमेला. त्यामुळे सूर्य समुद्रातच बुडतो, आणि संध्याकाळी सगळं गाव त्याला निरोप द्यायला वाळूवर येऊन बसतं. पण दिवेआगर किंवा तारकर्लीची सवय असलेल्यांनी एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. हा निर्मनुष्य, सुरूच्या बनाचा किनारा नाही. मागे उंच इमारती आहेत, समोर छत्र्यांच्या रांगा आहेत. 'शांत' हा शब्द इथे पट्टायाच्या तुलनेत घ्यायचा.

पट्टी आधी, हॉटेल नंतर

अख्ख्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. लोक संकेतस्थळावर 'जोमतियन' टाकतात, सर्वांत स्वस्त किंवा सर्वांत चकचकीत हॉटेल उचलतात आणि तिथे जाऊन फसतात. मीही फसलो. पहिल्या वेळी घेतलेल्या हॉटेलच्या माहितीत 'समुद्र दहा मिनिटांवर' असं लिहिलं होतं. होताही, गाडीने. पायी निघालो तर आधी सुखुमवित हा महामार्ग ओलांडायचा आणि मग उन्हात पाऊण तास चालायचं. तळव्यांना फोड आलेली आई तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे, समुद्र दाखवायला आणलंयस की हायवे?"

तर किनाऱ्याच्या चार पट्ट्या, उत्तरेकडून दक्षिणेकडे.

टेकडीच्या पायथ्याशी डोंगतान. इथे वाळूला लागून झाडांच्या सावलीत फिरायचा रस्ता आहे आणि त्यावर गाड्यांची वर्दळ जवळजवळ नाही. सकाळी सहा-साडेसहाला चालायला याहून चांगली जागा मला तरी सापडली नाही. या पट्टीचा एक भाग समलिंगी पर्यटकांचा आवडता म्हणून ओळखला जातो, इंद्रधनुषी झेंडे लावलेले दिसतील. कुणाला कुणाचा त्रास नसतो. आई तिथल्याच एका खुर्चीवर बसून शहाळं पीत होती आणि शेजारच्या दोन वयस्कर युरोपियन गृहस्थांशी खुणांनी भारतातल्या उन्हाळ्याबद्दल बोलत होती.

दुसरी पट्टी म्हणजे टेकडीवरून उतरणारा थाप्राया रस्ता जिथे बीच रोडला मिळतो, तो कोपरा आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्या. कोपऱ्यावर पोलीस चौकी आहे, खुणेला तीच लक्षात ठेवायची. खाणावळी, औषधांची दुकानं, पैसे बदलायच्या टपऱ्या, कपडे धुऊन देणाऱ्या बायका, सगळं पायाखाली. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी इथेच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र काही गल्ल्यांत बार आहेत आणि रात्री एक-दोनपर्यंत गाणी चालतात. म्हणून हॉटेल ठरवण्याआधी नकाशावर त्या गल्लीची रस्त्यावरची छायाचित्रं उघडून पाहा. तळमजल्यावर लाल-निळे दिवे आणि उंच स्टुलं दिसली की पुढची गल्ली धरा.

तिसरी, मधली पट्टी, चैयाप्रुक रस्त्यापर्यंतची. उंच निवासी इमारती, बाजार, महिनोन्महिने राहणारे युरोपातले निवृत्त लोक. गोंगाट कमी, दर बरे. आठवड्याहून जास्त राहणार असाल तर ही पट्टी उत्तम.

चौथी 'ना जोमतियन', अगदी दक्षिणेची. मोठी रिसॉर्टं, लांब रिकामी वाळू आणि खरोखरीची शांतता. पण बीच रोडची वाहनं इथवर पोचत नाहीत, बाहेर पडायचं तर दर वेळी ॲपवरून गाडी. नवविवाहितांना ठीक. सारखं काहीतरी हवं असणाऱ्या मुलांच्या आईबापांनी विचार करून जावं.

हॉटेल निवडताना नकाशात 'चालत' हा पर्याय टाकून बीच रोडपर्यंतचा वेळ बघा. दहा मिनिटांच्या वर असेल तर सोडून द्या. बाकी थाई हॉटेलांत एका गोष्टीची चिंता नको: साध्यातल्या साध्या खोलीतही कमोडशेजारी पाण्याचा फवारा असतो. युरोप करून आलेल्यांना याचं मोल कळेल.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगलं. हवा कोरडी, संध्याकाळी वारा. अर्थात तेव्हाच दर चढलेले असतात आणि नाताळात तर विचारू नका. सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्यामुळे दिवाळी ऑक्टोबरात येत असेल तर ती सुट्टी जुगार ठरते. नोव्हेंबरातली दिवाळी मात्र छान साधते. मे महिन्यात उकाडा असतो आणि मधूनच जोराची सर येते, पण मुंबईच्या मे महिन्यात तगलेल्या माणसाला ते काही नवं नाही. शिवाय आंबे तेव्हाच असतात. हापूसशी तुलना करू नका, फक्त खा.

एप्रिलचा मध्य टाळायचा की साधायचा, हे तुमच्यावर. सोंगक्रान हा थाई नववर्षाचा सण एरवी १३ ते १५ एप्रिलला असतो, पण पट्टायात त्याची शेपूट १९ एप्रिलपर्यंत लांबते. त्या दिवशीच्या 'वान लाय'ला अख्खं शहर एकमेकांवर पाणी उडवत असतं. आपल्या रंगपंचमीसारखं, फरक इतकाच की 'मला नको' म्हणायची सोय नाही. सोबत वयस्कर माणसं असतील तर त्या दिवशी खोलीतून समुद्र बघा.

शनिवार-रविवारी बँकॉककर येतात. शक्य असेल तर रविवारी दुपारी पोचा आणि शुक्रवारी निघा.

कागद

भारतीयांना नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने व्हिसाविना प्रवेश द्यायला सुरुवात केली आणि जुलै २०२४ मध्ये ही मुदत ६० दिवसांची केली. हे नियम सरकारच्या मर्जीनुसार बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा बघाच. ओळखीतला कुणी गेल्या वर्षी कसा गेला, यावर विसंबू नका. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

१ मे २०२५ पासून जुन्या कागदी अर्जाच्या जागी डिजिटल आगमन कार्ड आलं. थायलंडला पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते भरायचं. ते फुकट आहे. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं आहेत, त्यांच्या नादी लागू नका. प्रत्येक माणसाचं कार्ड वेगळं, तान्ह्या बाळाचंसुद्धा. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून घ्या. रांगेत फोनची बॅटरी गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

ई-सिगारेट बॅगेत असेल तर घरीच ठेवा, थायलंडमध्ये ती बेकायदा आहे. किनाऱ्यावर साधी सिगारेट ओढायलाही बंदी आहे आणि दंड जबर आहे.

विमानतळावरून

मुंबईहून बँकॉक चार-साडेचार तास आणि तिथलं घड्याळ दीड तास पुढे. बरीच विमानं रात्री निघून पहाटे सुवर्णभूमीला उतरतात. बाहेर पडल्याबरोबर टॅक्सीवाले बोलावतील. त्यांच्याकडे न बघता सरकत्या जिन्याने पहिल्या मजल्यावर, म्हणजे तळाला, आठ क्रमांकाच्या दाराशी या. तिथे पट्टाया-जोमतियन बसचा काउंटर आहे. सकाळी सातच्या सुमाराला पहिली बस, रात्री नऊच्या आसपास शेवटची. तिकीट दीडशे बातच्या (बात हे थाई चलन) आत आणि वेळ साधारण दोन तास.

या बसचं बलस्थान असं की ती पट्टायाच्या गर्दीत शिरतच नाही. सुखुमवित रस्त्यावर पट्टायाच्या उत्तर, मध्य आणि दक्षिण चौकांत माणसं उतरवते आणि शेवटचा थांबा थाप्राया रस्त्यावर, म्हणजे जोमतियनलाच. पट्टायाला जाणाऱ्यांना मधेच उतरून दुसरं वाहन धरावं लागतं, आपण शेवटपर्यंत झोपून जायचं. तिथून दुसऱ्या पट्टीतलं हॉटेल गाडीने पाच-दहा मिनिटांवर.

चौघं असाल आणि सामान असेल तर सरळ गाडी ठरवा. हजार-बाराशेपासून दीड हजार बातपर्यंत पडते. टोल त्यात धरलाय की वेगळा, हे बसायच्या आधी विचारा. दारात पोचल्यावर तो विषय काढण्यात मजा नाही. विमान बँकॉकच्या दुसऱ्या विमानतळावर, डॉन मुआंगला, उतरत असेल तर ही बस तुमच्या कामाची नाही, तिथून गाडीच बरी.

निळं वडाप

जोमतियनमध्ये फिरायचं ते सोंगथेओने. गडद निळ्या रंगाचा पिकअप, मागे समोरासमोर दोन बाकं, वर छप्पर. कोल्हापूर-सातारकडच्या वाचकांना दोन शब्दांत सांगायचं तर वडाप. ठरलेल्या रस्त्यावरून फिरत राहतं, हात केला की थांबतं.

चढायची एक पद्धत आहे आणि ती चुकली की खिशाला चाट बसते. पद्धत अशी: काहीही न विचारता मागे चढा आणि बसा. उतरायचं ठिकाण आलं की छताला लावलेलं बटण दाबा. पुढे बझर वाजतो, गाडी कडेला लागते. उतरून ड्रायव्हरच्या खिडकीशी जा आणि सुटे द्या. जवळच्या जवळ १० बात, टेकडी ओलांडून पट्टायात जायचं तर २०च्या आसपास. संपलं.

आपल्या मराठी मनाला हे जमत नाही. रिक्षात बसायच्या आधी 'किती घेणार?' विचारायचं, हे आपण आईच्या दुधाबरोबर शिकतो. इथे रिकाम्या सोंगथेओला थांबवून 'कितीला?' विचारलंत की तुम्ही अख्खी गाडी भाड्याने मागताय असा त्याचा अर्थ होतो आणि आकडा २०० होतो. पहिल्याच दिवशी मी तो मोजला, वर घासाघीस करून ५० कमी केले म्हणून खूशही झालो. परतताना एका रशियन आजीने चढून, बसून, बटण दाबून, दहाचं नाणं टेकवून माझी शिकवणी घेतली.

पट्टायातून जोमतियनला परतायचं तर सेकंड रोड आणि दक्षिण पट्टाया रस्त्याच्या चौकाजवळ ही वडापं रांगेत उभी असतात. भरली की निघतात. रात्री दहा-अकरानंतर फेऱ्या विरळ होतात आणि मग ड्रायव्हर राजा. तेव्हा ग्रॅब किंवा बोल्ट या ॲपवरून गाडी बोलवा, दर आधी कळतो आणि भांडण होत नाही.

स्कूटर भाड्याने मिळते आणि वाहतूकही आपल्यासारखी डावीकडून आहे, म्हणून मोह होतो. पण दुचाकीचा परवाना आणि आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही नसतील तर घेऊ नका. नाकाबंदी नेहमी असते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी तोच कागद मागते. आणखी एक, अनामत म्हणून पासपोर्ट कुणाच्याही हातात देऊ नका. रोख अनामत घेणारा दुकानदार शोधा.

समुद्राशी व्यवहार

गेल्या काही वर्षांत बाहेरून वाळू आणून हा किनारा बराच रुंद केला आहे. उतार मंद, लाटा छोट्या. मुलांना कमरेएवढ्या पाण्यात बराच वेळ खेळता येतं. पाणी मात्र नितळ नसतं, आणि जोराच्या पावसानंतर तर एक दिवस पाण्यात उतरूच नका, कारण गावातलं सगळं वाहून समुद्रातच येतं. पोहण्यासाठी दोर आणि तरंगते गोळे लावून भाग आखलेले असतात, त्यांच्या आतच राहा. बाहेर जेट स्की आणि बोटी भरधाव फिरतात.

खुर्ची आणि छत्री भाड्याने घेतली की दिवसभर बसा, कुणी उठवत नाही. दर फलकावर असतो. खाणंपिणं तिथेच येतं: भाजलेलं मक्याचं कणीस, कापलेला अननस, तळलेले मासे. विकणारी माणसं सतत येतात. 'नको' म्हणून मान हलवली की हसून पुढे जातात, आपल्याकडच्यासारखी चिकटत नाहीत.

जेट स्की. शक्यतो घेऊच नका. परत आणल्यावर 'हा ओरखडा तू पाडलास' म्हणून हजारो बात मागण्याचा प्रकार या भागात जुना आहे. हौस आवरत नसेलच तर बसायच्या आधी चारही बाजूंनी आणि खालून व्हिडिओ काढा, आणि काढताना मालकाला दिसू द्या. प्रकरण हाताबाहेर जायला लागलं तर पर्यटन पोलिसांचा क्रमांक ११५५. इंग्रजी बोलतात. रुग्णवाहिकेसाठी १६६९.

नितळ निळं पाणी हवंच असेल तर एक दिवस को लार्न बेटाला द्या. पट्टायाच्या बाली हाय धक्क्यावरून प्रवासी बोट निघते, तिकीट ३० बात, वेळ पाऊण तास. धक्क्यावर स्पीडबोटवाले 'ती बोट गेली' म्हणतील. गेली असेल तर पुढची येईल. सकाळी लवकरची बोट धरा, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. तवाएन हा किनारा बोटीच्या थांब्यालाच आहे म्हणून गच्च भरतो, समाए आणि तियन किनारे बेटावरच्या वडापने गाठा. शेवटच्या बोटीची वेळ उतरल्याउतरल्याच विचारून ठेवा आणि तिच्या बऱ्याच आधी धक्क्यावर या.

पोटोबा

मासे खाणाऱ्या कोकणी माणसाला काही सांगायची गरज नाही. हा विभाग शाकाहाऱ्यांसाठी.

अडचण मांसाची नसते, ते दिसतं. अडचण 'नाम प्ला'ची असते, म्हणजे माशाचा सॉस. आपण मीठ घालतो तसा तो सगळ्यात घालतात. त्याच्या जोडीला 'नाम मान होय', म्हणजे शिंपल्यांचा सॉस, आणि कच्च्या पपईच्या सोम तामसारख्या कोशिंबिरीत वाळवलेला जवळा. 'व्हेज' म्हटलं की भाज्या येतात, पण त्या याच सॉसमध्ये परतून. म्हणून दोन वाक्यं पाठ करा. 'किन जे' म्हणजे मी शुद्ध शाकाहारी खातो. 'माय साय नाम प्ला' म्हणजे माशाचा सॉस घालू नका. अंडं नको असेल तर 'माय साय खाय', कारण थाईत 'खाय' म्हणजे अंडं.

'जे' हा प्रकार आपल्या उपयोगाचा आहे. चिनी बौद्ध परंपरेतल्या या आहारात मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसतं, शिवाय कांदा-लसूणही नसतो. घरात चातुर्मास पाळणाऱ्या आईला हे कळल्यावर थाई लोकांबद्दलचं तिचं मत एकदम सुधारलं. अशा गाड्यांवर पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असतं, इंग्रजी आकड्यातल्या सतरासारखं दिसणारं. बहुधा सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव असतो, तेव्हा तर जागोजागी ही पिवळी निशाणं लागतात.

संध्याकाळी बीच रोडवर जोमतियनचा रात्रबाजार भरतो. तिथे एक बाई कोळशाच्या शेगडीवर बिडाचं खळग्याखळग्यांचं पात्र ठेवून बसली होती. आई पुढे होऊन म्हणाली, "अगंबाई, आप्पे!" खनोम क्रोक म्हणतात त्यांना. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, खाली कुरकुरीत, वर दुधाळ, गोडसर. कधी वर कांद्याची पात किंवा मका घालतात. बाईने केळीच्या पानाच्या द्रोणात आठ-दहा घालून हसत हसत दिले आणि म्हणाली, "खा." आणखी काहीतरी बोलली आणि पुन्हा "खा." आईला गहिवरून आलं. परक्या देशात कुणीतरी आग्रह करतंय, आणि तोही मराठीत. थाई बायका आदर दाखवायला प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'खा' लावतात आणि पुरुष 'ख्राप', हे मी तिला सांगितलं नाही. पुढचे पाच दिवस ती रोज त्याच बाईकडे गेली.

भारतीय जेवण पट्टायात भरपूर मिळतं, जोमतियनमध्ये कमी आणि जरा महाग. मुलांसाठी थेपले किंवा दशम्या, मेतकूट आणि लोणच्याची बाटली सोबत असू द्या. गरम भात कुठेही मिळतो. आणि ड्युरियन हे फळ हॉटेलात नेऊ नका. दारावर त्याच्या चित्रावर फुली मारलेली असते, ती खरंच अमलात आणतात.

बाहेर पडायचं तर

दक्षिणेकडची ठिकाणं जोमतियनहून पट्टायापेक्षा जवळ पडतात, हा इथे राहण्याचा आणखी एक फायदा. अर्ध्या दिवसासाठी गाडी ठरवा आणि दोन ठिकाणं एका फेरीत करा.

पहिलं नोंग नूच उद्यान. पिसित आणि नोंगनूच तान्साचा या जोडप्याने १९५४ मध्ये फळबागेसाठी घेतलेली ही जमीन पुढे बाग झाली आणि १९८० मध्ये लोकांसाठी खुली झाली. आंबे, संत्री, नारळ लावायचं ठरवून निघालेली माणसं शेवटी सायकसच्या संग्रहासाठी जगभर ओळखली गेली. झाडांची आवड असेल तर तीन-चार तास पुरत नाहीत. डायनासोरच्या पुतळ्यांमुळे मुलंही रमतात. हत्तींचे खेळ आम्ही पाहिले नाहीत, तो वेळ ऑर्किडना दिला.

दुसरं खाओ ची चान. डोंगराचा एक कडा सपाट तासून त्यावर लेझरने आखलेली, सोनेरी रेषांची बुद्धाची आकृती. शंभर मीटरहून उंच. राजे भूमिबोल यांच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली तेव्हा, १९९६ मध्ये केलेली. पाहायला अर्धा तास पुरतो. शेजारच्या वाट यान मंदिरात जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

प्रातुमनाक टेकडीवर एका संध्याकाळी जा. एका माथ्यावर अठरा मीटरचा सोनेरी बुद्ध, दुसऱ्यावर थाई नौदलाचे जनक मानले जाणारे राजपुत्र चुम्फोन यांचा पुतळा आणि तिथून दिसणारा पट्टायाचा अर्धचंद्र. पट्टाया तेवढ्या अंतरावरून फार देखणं दिसतं. शुक्रवार ते रविवार संध्याकाळी थेपप्रासित रस्त्यावरचा बाजार, कपडे आणि खाऊसाठी. तरंगता बाजार मला पर्यटकांसाठी मांडलेला वाटला. वेळ कमी असेल तर वगळा.

महिनाभर राहायचं असेल तर

निवृत्त जोडप्यांनी आणि घरून काम करणाऱ्यांनी हॉटेलऐवजी सदनिका बघावी. बऱ्याच इमारतींच्या नावात 'तालाय' असतं, म्हणजे समुद्र. पण नाव वाचून खिडकीतून समुद्र दिसेलच असं समजू नका. पाठीमागच्या बाजूची खोली देऊन समोरचे पैसे घेणारे सगळीकडेच असतात. कायद्याने ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी सदनिका भाड्याने देता येत नाही, त्याला हॉटेलचा परवाना लागतो. 'चार दिवसांसाठी घ्या, विचारलं तर मित्र आहे म्हणून सांगा' असं कुणी म्हणालं तर उठून चालू लागा. विजेचा दर प्रति युनिट किती लावणार, हे करारात लिहून घ्या. वातानुकूलन यंत्राच्या बिलावरूनच सगळी भांडणं होतात.

परदेशी माणूस राहायला आल्याची नोंद करणं ही घरमालकाची जबाबदारी असते. ती केल्याची पावती मागून घ्या. मुदत वाढवायची असेल तर इमिग्रेशनचं कार्यालय जोमतियनच्याच सोय ५ मध्ये आहे, शुल्क १,९०० बात. सकाळी उघडायच्या वेळेला जा आणि पूर्ण कपड्यांत जा, चड्डी-बनियनवर नको. मुदत उलटली तर दिवसाला ५०० बात दंड.

पैसे

घरून डॉलर न्या आणि इथे गावात बदला. विमानतळावर फक्त बसपुरते. रुपयांना भाव चांगला मिळत नाही. एटीएममधून काढलेत तर दर वेळी २२० बात किंवा त्याहून जास्त शुल्क कापतात, तेव्हा काढायचेच तर एकदम काढा. बात सध्या अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान आहे. मी मनातल्या मनात सरळ तिनाने गुणतो, म्हणजे परत आल्यावर खिशात थोडे उरलेले सापडतात.

निघायच्या आदल्या दिवशी थाप्राया रस्त्यावरच्या बसथांब्यावर जाऊन परतीचं तिकीट काढून ठेवा, आयत्या वेळी जागा मिळेलच असं नाही. विमानाच्या वेळेआधी किमान सहा तास बस धरा, शुक्रवारी किंवा रविवारी असेल तर सात. आणि आदल्या रात्री खनोम क्रोकवाल्या बाईकडे जायला थोडे सुटे राखून ठेवा.